विमानातला माळा

श्रोतेहो, विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, व्याख्यानमालेत वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सारे सांगून झाले, आता पिशवी कोठे ठेवावी एवढेच सांगायचे उरले होते! आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या कप्प्याखाली आपण दोन-दोन तास डोके ठेवून बसतो, त्यात काय मावते, काय मावत नाही आणि त्यापायी जिवावर कसे बेतू शकते, हे एकदा पाहून ठेवायला हरकत नाही.

हा कप्पा आला कोठून? १९५८ साली प्रवासी वाहतुकीस लागलेल्या बोइंग ७०७ या विमानात आसनांच्या वर नुसती उघडी फळी असे. तिचे इंग्रजी नावच मुळी ‘टोप्यांची फळी’ असे होते. टोपी, कोट, उशी, पांघरूण याहून जड काही तिच्यावर ठेवावे अशी अपेक्षाच नव्हती. बाकीचे सामान विमानाच्या पोटात जाई. १९७० साली बोइंग ७४७ हे अवाढव्य विमान सुरू झाले आणि त्यात फळीच्या जागी झाकणाचा बंद कप्पा आला. आता बंद होणारी जागा दिसली की ती भरल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. आपल्या घरचा माळा आठवा, म्हणजे अधिक सांगायला नको.

तरीही एक नैसर्गिक मर्यादा शिल्लक होती. बॅग हातात उचलून न्यावी लागे आणि हाताला रग लागे. १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लॅथ नावाच्या अमेरिकन वैमानिकाने दोन चाकांची, लांब दांड्याची, उभी ओढायची बॅग तयार केली आणि ती मर्यादाही गेली. पुढे २००८ पासून अमेरिकेतील बड्या विमान कंपन्या पोटातल्या सामानाचे निराळे पैसे घेऊ लागल्या. मग काय, तिकडे सारा संसारच माळ्यावर चढला. आपल्याकडे पैशापेक्षा पट्ट्यापाशी ताटकळण्याचा कंटाळा हे कारण मोठे असावे, असे मला वाटते.

आता थोडे गणित करू. बहुतेक भारतीय कंपन्या हातातल्या बॅगेला ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि ७ किलो अशी मर्यादा घालतात. कप्पा दीड मीटर लांबीचा धरा. बॅग आडवी, लांबी कप्प्याच्या लांबीला धरून टाकली, तर अशा दोनच बॅगा मावतील आणि तिसरीसाठी अपुरी जागा वाया जाईल. तीच बॅग चाकांकडून आत सारून पालथी ठेवली, तर तिने अडवायची रुंदी ३५ सेंटिमीटर. म्हणजे चार मावल्या. आणि फळीवर पुस्तके लावावीत तशी कडेवर उभी केली, तर प्रत्येकीला २५ सेंटिमीटर पुरतात आणि सहा बसतात. कप्पा तोच, बॅगा त्याच. दोनाच्या सहा झाल्या!

मात्र कडेवर उभी करायला कप्प्याला उंची हवी, आणि जुन्या कप्प्यांना ती नाही. बोइंगने ७३७ विमानासाठी खोल कप्पे केले आणि २०१५ साली ते अलास्का एअरलाइन्सच्या विमानात प्रथम बसले. तेथे पूर्वीच्या चार बॅगांच्या जागी सहा राहू लागल्या. त्यासाठी कप्प्याची खालची कड सुमारे दोन इंच खाली आणावी लागली. यापुढे फार वाव नाही. वर विमानाचा गोल घुमट आहे, खाली उभे राहणाऱ्याचे डोके आहे. तेव्हा जुन्या कप्प्यांच्या विमानात १८० प्रवासी आणि प्रत्येकाची ट्रॉली बॅग, हे गणित सुटत नाही ते नाहीच. आणखी एक: मोजमापात चाके आणि मूठ धरलेली असतात. दुकानातील चिठ्ठीवर पुष्कळदा नुसत्या खोक्याचे माप असते, आणि मग झाकणाशी झटापट होते.

चाके आत का, असे कोणी विचारील. मूठ आपल्याकडे राहते, ओढून काढणे सोपे जाते, आणि सहसा जड असलेली बाजू खोल बसते. जाकीट, लहान पिशवी या वस्तू मोठ्या बॅगा बसल्यावर वरच्या फटीत सरकवाव्या, किंवा सरळ पुढच्या आसनाखाली ठेवाव्या.

या खटाटोपात वेळ कसा जातो, याचा विचार जेसन स्टेफन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने केला. ग्रहताऱ्यांचा अभ्यासक पिशव्यांकडे वळला याची मला मोठी गंमत वाटते. २००८ साली त्याने दाखवले की, मागच्या रांगांना गटागटाने आधी सोडण्याची पद्धत दिसायला शहाणपणाची, पण तोट्याची आहे. मार्गिका एकच. मागच्या पाच रांगांची माणसे एकदम आली की ती एकमेकांच्या पाठीशी अडतात. एक जण बॅग कोंबतो, बाकीचे पाहत राहतात. एक रांग सोडून, खिडकीकडचे आधी, असे सोडले तर अनेकांना एकाच वेळी हात वर करता येतात. २०११ साली ७२ माणसांवर प्रयोग झाला. गटांच्या पद्धतीस जवळजवळ सात मिनिटे लागली, स्टेफनच्या पद्धतीस साडेतीनच्या आसपास. वाटेल तसे सोडले तेव्हासुद्धा पाच मिनिटांच्या आत काम झाले!

पण वेळेपेक्षा मोठी गोष्ट निराळीच आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसान शहराच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात अशाच एका कप्प्यातून आग लागली. १७६ जण सुखरूप उतरले, विमान जळाले. संशय पॉवर बँकेवर आला आणि १ मार्चपासून त्या देशाने ती वस्तू वरच्या कप्प्यात ठेवण्यास बंदी केली. लिथियमची बॅटरी तापू लागली तर ती डोळ्यांसमोर असावी, हा त्यातला हेतू. बंद कप्प्यातला धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

नव्या विमानाला मान्यता देताना, निम्मे दरवाजे बंद धरूनही सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढता येते हे दाखवावे लागते. त्या चाचणीत बॅगा काढायला कोणी थांबत नाही. प्रत्यक्षात काय होते? ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुअनंतपुरमहून दुबईला गेलेले एमिरेट्सचे विमान धावपट्टीवर आपटून पेटले. आत धूर कोंदत असताना माणसे कप्पे उघडून बॅगा काढत होती, हे आतल्याच कुणीतरी टिपलेल्या चित्रफितीत दिसते. विमानातले तीनशेही जण बचावले. पुढे झालेल्या स्फोटात एक अग्निशामक जवान गेला. उलट २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली. त्या लहान विमानातील सहांपैकी पाच जण मरण पावले; पण पेटलेल्या मोठ्या विमानातून ३७९ च्या ३७९ जण बाहेर पडले. सामान आत सोडून ते घसरगुंडीवरून उतरले होते.

तेव्हा पारपत्र, पैसे, चष्मा आणि रोजच्या औषधाच्या गोळ्या माळ्यावर चढवू नका. अंगावरच्या खिशात ठेवा.