गुंजाला गोंडीचं एक अक्षर आणि लिंकरची उचल

आदिलाबाद जिल्ह्यातल्या नारनूर मंडलात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथल्या हस्तलिखितांतली गोंडी लिपी २०१८ साली युनिकोडच्या ११.० आवृत्तीत आली. तिचा 'अ' म्हणजे कोड ११डी६०. आता सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम लिहू, जो एवढंच विचारतो: हा कोड अक्षराचा आहे का? आयसीयू या लायब्ररीत त्यासाठी यू_इझअल्फा हे फंक्शन तयार आहे. पण एका फंक्शनपायी सगळी लायब्ररी प्रोग्रामात येऊन बसते का?

नाही. स्टॅटिक लायब्ररी हा ऑब्जेक्ट फाइलींचा नुसता गठ्ठा असतो. लिंकर आधी आपली फाइल वाचतो आणि वापरलेल्या पण न सापडलेल्या नावांची यादी करतो. मग गठ्ठ्यातल्या ज्या फाइलीत हवं ते नाव असेल ती उचलतो. त्या फाइलीची अपुरी नावं यादीत वाढतात, पुन्हा शोध सुरू. कुठल्याच नावाला न लागलेल्या फाइली गठ्ठ्यातच राहतात. (युनिक्सच्या जुन्या वळणाच्या लिंकरला लायब्ररी आपल्या फाइलीआधी दिली की तो 'अनडिफाइन्ड रेफरन्स' म्हणून अडून बसतो, कारण तेव्हा यादी रिकामीच असते. नवशिके इथे हमखास अडकतात.)

मेख अशी की उचललेली फाइल अख्खी येते. तीत पन्नास फंक्शनं असली आणि आपल्याला एकच हवं असलं, तरी पन्नासही येतात. म्हणून सी लायब्ररी लिहिणारे शक्यतो दर फंक्शनाला वेगळी फाइल देतात. दुसरा उपाय म्हणजे कंपायलरला प्रत्येक फंक्शन वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवायला सांगायचं आणि लिंकरला जीसी-सेक्शन्स हा पर्याय द्यायचा. मग तो प्रोग्रामच्या सुरुवातीपासून संदर्भांचा माग काढतो आणि जिथवर पोचता येत नाही ते सेक्शन टाकून देतो. मायक्रोकंट्रोलरचा इंटरप्ट तक्ता मात्र कोणी नावाने हाक मारत नाही, तो हार्डवेअरच वाचतं. लिंकर स्क्रिप्टमध्ये त्याला 'कीप' लिहिलं नाही तर तोही जातो.

आता प्रोग्रामात एकच ओळ वाढवू: यू_चारनेमला या अक्षराचं युनिकोडमधलं नाव विचारू. यू_इझअल्फाचे तक्ते कोडमध्येच असल्याने मघाशी काम थोडक्यात भागलं होतं. नावं मात्र आयसीयूच्या डेटात असतात, आणि जगभरच्या भाषांचा तो डेटा, तिसेक एमबीच्या घरातला, लिंकरच्या दृष्टीने एकच सलग ठोकळा असतो. त्यात मराठीच्या तारखा कुठे आणि फिनिशचा वर्णक्रम कुठे, हे त्याला दिसतच नाही. जीसी-सेक्शन्सही इथे हतबल. कात्री लावायची तर डेटा बांधतानाच. आयसीयू ६४ पासून, म्हणजे २०१९ पासून, त्यासाठी फिल्टरची सोय आहे.

डायनॅमिक लायब्ररीची गोष्ट वेगळी: ती प्रोग्रामात येतच नाही, चालवताना जोडली जाते.

तुमचा प्रोग्राम फुगला असेल तर लिंकरला दोष देण्याआधी त्याच्याकडून मॅप फाइल काढून घ्या. कुठली फाइल कोणत्या नावापायी आली, हे तीत सुरुवातीलाच लिहिलेलं असतं.