पाळक व्हायचंय? आधी कर्जाचं सांगा!

कॉलेजात कुणीतरी चिडवायला ठेवलेलं नाव पुढची तीन वर्षं कसं चिकटून बसतं, हे तुम्हाला सांगायला नको. असंच एक नाव गेली जवळजवळ तीनशे वर्षं चिकटलंय. १७२९च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स वेस्ली नावाचा विद्यार्थी आणि त्याचे दोन-तीन मित्र नेमाने एकत्र बसायला लागले. ग्रीक बायबलचं वाचन, बुधवार-शुक्रवार उपास, दिवसाच्या तासातासाचा हिशेब. चार्ल्सचा मोठा भाऊ जॉन तिथेच लिंकन कॉलेजचा फेलो होता. त्याने या ग्रुपची सूत्रं हातात घेतली. बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. कुणी ‘होली क्लब’ म्हणायचं, कुणी ‘मेथडिस्ट’, म्हणजे सगळं पद्धतीत बसवणारे! आज जगभर कोट्यवधी लोक हे नाव अभिमानाने लावतात.

नुसता घोकंपट्टीचा क्लब असता, तर त्याची आठवण कुणी ठेवली नसती. १७३०पासून ही मुलं ऑक्सफर्डच्या तुरुंगात जायला लागली. तिथे चोर-दरोडेखोर होते, तशी कर्ज फेडता आलं नाही म्हणून डांबलेली साधी माणसंही होती. जॉनने तेव्हा स्वतःला एक शिस्त लावली. वर्षाची कमाई ३० पौंड होती, तेव्हा २८ पौंडांत भागवून उरलेले दोन त्याने वाटून टाकले. पुढच्या वर्षी कमाई ६० पौंड झाली, खर्च मात्र २८च! उरलेले ३२ गरिबांना. तुमच्या पॉकेटमनीत वाढ झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय होतं, ते आठवून बघा.

पुढे १७३९मध्ये जॉन वेस्ली ब्रिस्टलजवळच्या खाणकामगारांपुढे उघड्या माळावर बोलायला लागला. माणसं वाढली, तसे प्रचारक कमी पडायला लागले. मग दीक्षा न मिळालेली साधी कष्टकरी माणसंही उपदेश करायला उभी राहिली. इथे मला जॉन सगळ्यात जास्त आवडतो. प्रचारकांनी रोज पाच तास तरी वाचलंच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. वाचनाची आवडच नाही, असं म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर साधारण असं होतं की, आवड लावून घे, नाहीतर आपल्या जुन्या धंद्याला लाग. ‘देवाने बोलावलंय’ एवढ्यावर त्याच्याकडे सूट मिळत नसे.

हे लोण आपल्याकडे अमेरिकेतून आलं. १८५६मध्ये विल्यम बटलर भारतात आले आणि त्यांनी बरेलीकडे काम सुरू केलं. मुंबई-पुण्यात ही चळवळ उभी राहिली ती १८७०नंतर, विल्यम टेलर यांच्या सभांमधून. तिला जॉर्ज बोवेन यांची साथ होती. १८४८मध्ये मुंबईत आलेल्या या माणसाने मिशनचा पगार नाकारला आणि तो अगदी साधेपणाने इथेच राहिला. १८८८मध्ये इथेच वारला, चाळीस वर्षांत मायदेशी एकदाही गेला नाही. अपोलो बंदराला फिरायला गेलात, तर तिथे त्यांच्या नावाचं चर्च आहे. बहुतेक जण सेल्फीच्या नादात त्याच्यासमोरून निघून जातात.

पुण्याचीही एक गोष्ट आहे. बंगळुरूत जन्मलेला विल्यम ओल्डहॅम सरकारी सर्व्हेअर होता. चांगली नोकरी, वय विशीच्या आसपास. पुण्यात एका मेथडिस्ट सभेला गेला आणि आयुष्याची दिशाच बदलली. पुढे नोकरी सोडून तो अमेरिकेत शिकला. १८८६मध्ये त्याने सिंगापूरला अँग्लो-चायनीज स्कूल सुरू केलं. ते आजही तिथल्या नामांकित शाळांमध्ये गणलं जातं.

आता आजचं बोलू. तुमच्या वर्गात कुणी कॅटची तयारी करतंय, कुणी एमपीएससीची. एखादी मुलगी किंवा मुलगा पाळक व्हायचा विचारही करत असेल. (‘पाळक’ हा मराठी प्रोटेस्टंट मंडळींचा शब्द. फादर कॅथलिकांचे. पाळक लग्न करू शकतो आणि मेथडिस्टांमध्ये स्त्रीही पाळक होऊ शकते. अमेरिकेतल्या मूळ चर्चने १९५६मध्ये स्त्रियांना तो पूर्ण हक्क दिला.) वाट सोपी नाही. आधी तुमच्याच मंडळीने तुमची शिफारस करायची, म्हणजे तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या काका-मावशींनी! मग सेमिनरी. जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज १९२३पासून आहे. पदवीनंतर बी.डी.ची साधारण चार वर्षं, त्यात हिब्रू, ग्रीक, चर्चचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, समुपदेशन. त्यानंतरही लगेच दीक्षा मिळत नाही. आधी उमेदवारी, मग डीकन, मग एल्डर. आणि नेमणूक बिशप करणार. आज शहरात, उद्या कुठल्या तरी खेड्यात. जोडीदाराची नोकरी, मुलांची शाळा, सगळं त्या एका यादीवर अवलंबून. हा नियम घोड्यावरून फिरणाऱ्या प्रचारकांच्या काळातला आहे. दोघंही कमावणाऱ्या आजच्या घरात तो किती जड जातो, यावर चर्चने मोकळेपणाने बोलायला हवं, असं मला वाटतं.

पाळकांच्या कॉन्फरन्सचे पूर्ण सदस्य होताना उमेदवाराला भर सभेत उभं करून काही प्रश्न विचारले जातात. ते थेट वेस्लीच्या काळातून आलेत. प्रेमात परिपूर्ण होण्याकडे तुझी वाटचाल चालू आहे का? मुलांना शिकवशील का? घरोघरी जाशील का? वेळ वाया घालवणार नाहीस ना? आणि या सगळ्या अध्यात्मात मध्येच एक अगदी व्यवहारी प्रश्न येतो : कामात अडथळा येईल एवढं कर्ज तुझ्या डोक्यावर आहे का?

कर्जबाजाऱ्यांना तुरुंगात जाऊन भेटलेल्या माणसाला हे सुचणं स्वाभाविकच होतं. पण एज्युकेशन लोन काढून शिकलेल्या आजच्या उमेदवाराला हा प्रश्न नेमका टोचतो. पाळकाच्या मानधनात हप्ता बसणार कसा? आणि ज्याचा हप्ता थकलाय, तो मंडळीतल्या पैसेवाल्याला नको ती गोष्ट तोंडावर सांगू शकेल का? तुम्ही या वाटेने जाणार असाल, तर ग्रीकची क्रियापदं पाठ करण्याआधी घरी बसून हा हिशेब मांडा. सभेत उत्तर सगळ्यांसमोर द्यायचं असतं, आणि पुढच्या रांगेत तुमचे आईबाबाही बसलेले असतात.