दाढेवरून कुळाचा शोध

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविला. तेथे जाणाऱ्या यात्रेकरूंची नावे व पिढ्या क्षेत्रोपाध्याय आपल्या वह्यांत लिहून ठेवीत आले आहेत. अशा वहीवरून कोणाचे कोणाशी काय नाते आहे, हे सांगता येते. केवळ आडनाव सारखे असल्याने मात्र भाऊबंदकी सिद्ध होत नाही. लुप्त झालेल्या प्राण्यांची अशी वही कोणीच ठेवलेली नाही. त्यांची वंशावळ दात आणि हाडे यांवरून जुळवावी लागते.

त्याच भोसल्यांच्या नागपुरास १८४५ साली स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी आला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळातील जीवाश्म त्याने टाकळीच्या परिसरात गोळा केले. या गाळाला ‘आंतर-ट्रॅपी थर’ म्हणतात. पुढे १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी हैदराबादच्या पश्चिमेस असलेल्या नसकल येथील अशाच थरातून एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात प्रसिद्ध केले. क्रिटेशस काळातील सस्तन प्राण्याचा भारतातील हा पहिलाच पुरावा होय. त्याचे नाव ‘डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपाय’ असे ठेवून हिस्लॉपचे स्मरण करण्यात आले.

हे दात उघड्या डोळ्यांना दिसणे कठीण. गाळ पाण्यात भिजवून बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुवावा लागतो आणि उरलेला चाळ सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने तपासावा लागतो. लहान प्राण्याची नाजूक हाडे सहज चुरा होतात. दातावरील कठीण लुकण मात्र टिकून राहते. शिवाय दाढेची घडण वर्गीकरणास फार उपयोगी पडते. खालच्या दाढेच्या पुढील भागी तीन उंचवटे असतात व मागे एक खळगा असतो. वरच्या दाढेचा एक उंचवटा या खळग्यात बत्त्याप्रमाणे बसतो. त्यामुळे कीटकाचे कठीण कवच कापणे व कुटणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

परंतु दोन प्राण्यांच्या दाढा सारख्या दिसल्या म्हणून ते सख्खे ठरत नाहीत. समान आहारामुळे निरनिराळ्या कुळांतही सारखी दाढ उत्पन्न होऊ शकते. तसेच दूरच्या पूर्वजाकडून सर्वांनाच मिळालेले लक्षण एका शाखेची ओळख पटवीत नाही. ज्या नव्या लक्षणाचा उगम त्या शाखेच्या मूळ पूर्वजात झाला, तेच नात्याचा खरा पुरावा असते.

डेक्कनोलेस्टिसच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरला. प्रारंभी त्याची गणना पॅलिओरिक्टिड या कीटकभक्षी गटात झाली. १९९४ साली त्याच्या घोट्याच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तो झाडांवर वावरणारा असावा, असे दिसले. त्यावरून वानरवर्गाच्या दूरच्या नातलगांत त्याचे स्थान असावे, असे मत पुढे आले. ते खरे असेल, तर डायनोसॉर नाहीसे होण्यापूर्वी, म्हणजे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच, आपल्या दूरच्या पूर्वजांची शाखा वेगळी झाली होती आणि तिचा एक धागा भारतात होता, असे म्हणावे लागले असते.

२०११ साली अनेक लक्षणांची एकत्र तुलना करणाऱ्या अभ्यासाने वेगळे उत्तर दिले. आफ्रिका व युरोप येथील पॅलिओसीन काळातील अ‍ॅडापिसोरिक्युलिड कुळाशी डेक्कनोलेस्टिसचे नाते जुळले. आणि हे संपूर्ण कुळ आजच्या वारयुक्त सस्तन प्राण्यांच्या बाहेर, त्यांच्या मूळ खोडाजवळ असल्याचे आढळले. झाडावर चढण्याची क्षमता म्हणजे वानरांशी नाते नव्हे, हा यातील बोध.

एका छोट्याशा दाढेचे स्थान बदलले की संबंध वर्गाच्या इतिहासाच्या तारखा बदलतात आणि भूखंडांमधील स्थलांतराचा मार्गही नव्याने विचारात घ्यावा लागतो. म्हणूनच मातीची आणखी पोती धुणे व मिळालेल्या प्रत्येक नमुन्याची पुनःपुन्हा तुलना करणे, हे काम कंटाळवाणे दिसले तरी टाळता येत नाही.