कर्करोगाचे निदान आणि रोग्याचा सत्यावरील अधिकार

रोग्यास तपासून डॉक्टर खोलीबाहेर आले की, आप्तांपैकी कोणीतरी त्यांस बाजूला घेऊन म्हणतो, "दादांना मात्र काही सांगू नका; ते खचतील." कर्करोगावर उपचार करणाऱ्या आपल्याकडील बहुतेक वैद्यांस हा प्रसंग परिचित आहे. विनंतीमागे प्रेम असते, यात संशय नाही. प्रश्न असा की, ती मान्य करण्याचा अधिकार डॉक्टरांस आहे काय?

एके काळी पाश्चात्त्य वैद्यकाचे उत्तरही होकारार्थीच होते. डोनाल्ड ओकेन यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिकागोतील पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल निदान न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. दरम्यान उपचार वाढले होते, रोग्याच्या संमतीस महत्त्व आले होते. आणि ज्याचे केस औषधाने गळत आहेत त्याच्यापासून त्याचा रोग लपवावा तरी कसा?

सत्य लपविण्याच्या समर्थनार्थ कर्णपर्वातील कौशिकाचा दाखला देता येईल. या सत्यव्रती ब्राह्मणाने वनात लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा दरोडेखोरांस खरा सांगितला. ते लोक मारले गेले आणि कौशिक नरकास गेला. याउलट, मित्राच्या जिवावर उठलेल्या मारेकऱ्याशीही असत्य बोलू नये, असे कांट १७९७ च्या निबंधात प्रतिपादितो. आम्हांस कांटचा हा कठोरपणा मान्य नाही. तथापि कौशिकाचा दाखलाही येथे गैरलागू वाटतो. कौशिकाने सत्य सांगितले ते शत्रूंस, ज्यांचा त्यावर काडीचाही हक्क नव्हता. येथे तर रोग रोग्याचाच आहे. ज्याचे सत्य त्याच्यापासूनच लपविणे ही निराळी गोष्ट होय.

अर्थात निदान हे एक सत्य आणि भवितव्य हे दुसरे. त्यांची गल्लत होता कामा नये. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांस १९८२ मध्ये मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग झाला. या रोगात आयुर्मर्यादेचा मध्यक आठ महिने, असे ग्रंथांत नमूद होते. मध्यक म्हणजे निम्मे रोगी त्यापूर्वी जातात आणि निम्मे त्यानंतरही जगतात. त्यांतील काही तर पुष्कळ वर्षे. गूल्ड यानंतर वीस वर्षे जगले. "आठच महिने उरले" असे त्यांस कोणी सांगितले असते तर ते सत्यकथन ठरले नसते. समूहाविषयीचा आकडा व्यक्तीच्या माथी मारणे ठरले असते.

म्हणून हल्ली अनेक डॉक्टर काही सांगण्यापूर्वी रोग्यासच विचारतात, "आपणांस किती जाणून घ्यावेसे वाटते?" यावर "सारे माझ्या मुलाला सांगा" असे दादाच म्हणाले, तर डॉक्टरांनी मौन पाळण्यास हरकत नाही. बाहेरून पाहता मुलाच्या विनंतीचे फलही तेच झाले असते. परंतु येथे न ऐकण्याचा निर्णय दादांचा आहे, आणि तो ते उद्या बदलूही शकतात.