वारं कानात शिरत नाही

डोंबिवली पश्चिमेच्या भागशाळा मैदानावर डिसेंबर-जानेवारीतल्या कुठल्याही संध्याकाळी जाऊन पाहा. चार-पाच वर्षांची मुलं धावत असतात. अंगात बनियन, त्यावर शर्ट, त्यावर जाड स्वेटर आणि डोक्याला हनुवटीपर्यंत ओढलेली कानटोपी. हवा असते 25 अंशांच्या वर. दहा मिनिटांत पोर घामानं निथळतं, टोपी ओढून काढतं आणि लगेच हाक येते, "आधी टोपी घाल! कानात वारं शिरेल, सर्दी होईल!"

हे वाक्य मी आज्यांकडून ऐकलंय, पाळणाघरातल्या ताईंकडून ऐकलंय, विज्ञान शिकलेल्या आईबाबांकडूनही ऐकलंय. त्यामागची माया खरी आहे, म्हणून चिडायला नको असं दरवर्षी ठरवते. पण मग एखादं मूल "तुला सर्दी होईल" म्हणून अख्खा जानेवारी खिडकीतून मैदान बघत बसलेलं दिसतं आणि राग येतोच.

आधी कानाचं बघू. कान म्हणजे बंद बोळ आहे. आत थोड्याच अंतरावर पडदा असतो आणि तो धड असेल तर बाहेरचं वारं त्याच्यापलीकडे जात नाही, नाकाघशापर्यंत पोहोचणं तर दूरच. सर्दीत मुलांचा कान दुखतो तो उलट्या वाटेनं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी एक बारीक नळी असते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे नाकातला संसर्ग तिथून सहज वर चढतो. म्हणजे सर्दी आधी आणि कान नंतर.

आता सर्दी. घोळ शब्दापासूनच सुरू होतो. फारसीत 'सर्द' म्हणजे थंड, आणि इंग्रजांनीही या दुखण्याला थंडीचंच नाव दिलं. पण सर्दी होते विषाणूंमुळे. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं जगात सगळीकडे नेहमीचं आहे, कारण यातला प्रत्येक विषाणू त्याच्या शरीराला नवा असतो. घरात विषाणूच आला नसेल, तर नुसत्या गारठ्यातून तो तयार होत नाही.

पटत नसेल तर उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरचं निरीक्षण पाहा. 1933 साली ते प्रसिद्ध झालं. हिवाळाभर समुद्र गोठला आणि बोटी बंद झाल्या की तिथल्या खाणवस्तीतली सर्दी जवळपास नाहीशी व्हायची. वसंतात पहिली बोट धक्क्याला लागली की काही दिवसांत वस्ती शिंकायला लागायची. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीला 1946 साली खास सर्दीच्या अभ्यासासाठी केंद्र निघालं. तिथं काही स्वयंसेवकांना आंघोळीनंतर ओलेत्यानं वाऱ्याच्या बोळात उभं केलं, वर ओले मोजे घालायला लावले. नुसतं कुडकुडून त्यांना सर्दी झाली नाही.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे आणि तो लपवायचं कारण नाही. 2005 साली कार्डिफमध्ये 90 जणांनी वीस मिनिटं थंड पाण्यात पाय ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यापैकी 13 जणांनी सर्दीची तक्रार केली. पाय कोरडे ठेवलेल्या 90 जणांत अशी तक्रार पाचांची होती. संशोधकांचा अंदाज असा, की आधीच नाकात असलेला विषाणू गारठ्यामुळे डोकं वर काढत असावा. मात्र विषाणूची तपासणी त्या प्रयोगात झाली नव्हती. शिवाय गार पाण्यात पाय बुडवून बसणं वेगळं आणि कल्याणच्या सुभाष मैदानावर धावणं वेगळं.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा तर प्रत्येक घरात आहे. शाळा जूनमध्ये उघडतात आणि जुलैत निम्मा वर्ग खोकत असतो. पुण्याजवळच्या वढूला झालेल्या पाहणीत फ्लूचा जोर जुलै ते सप्टेंबरमध्ये दिसला, श्रीनगरला मात्र जानेवारी ते मार्चमध्ये. आजार थंडीनंच येत असता, तर आपला पावसाळा इतका नाक गळवणारा नसता. दोन्हीकडे समान असलेली एक गोष्ट म्हणजे त्या दिवसांत माणसं दारं-खिडक्या लावून दाटीवाटीनं आत बसतात. कानटोपी घालून बंद खोलीत दहा मुलांबरोबर बसवलेल्या मुलाला मोकळ्या मैदानावरच्या मुलापेक्षा सर्दीचा धोका जास्त.

आणि आपली थंडी ती केवढी? सांताक्रूझला नोंदलेला नीचांक 7.4 अंशांचा, तोही 22 जानेवारी 1962 चा. एरवी जानेवारीत तिथलं किमान तापमान सरासरी 16-17 अंश आणि दुपार तिशीच्या पुढची. समुद्रापासून लांब, कल्याण-बदलापूरकडे पहाट आणखी दोन-चार अंशांनी गार असते. तेवढ्याला सुती बनियन, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि सहज काढता येईल असं एक पातळ स्वेटर पुरतं. खेळायला लागलं की स्वेटर काढायचं. घामानं भिजलेलं बनियन तसंच अंगावर राहिलं, तर खेळ थांबल्यावर मूल खरोखर गारठतं. त्यामुळे पिशवीत टोपीऐवजी कोरडं बनियन ठेवा. मुलाला थंडी वाजतेय का, हे हातापायांवरून ठरवू नका, ते गार असणारच. मानेच्या मागं हात लावा. तिथं घाम असेल तर एक कपडा कमी करा, गार लागलं तर एक वाढवा.

तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसाचं डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग, म्हणून 'निम्मी उष्णता डोक्यातून जाते' हे खरं नाही. नवजात बाळाचं डोकं मात्र जवळपास पाचवा भाग असतं. पहिल्या दिवसांत, विशेषतः कमी वजनाच्या बाळाला, टोपडं हवंच. पण पुढं घरात झोपलेल्या निरोगी बाळाला टोपी, दोन दुपटी आणि वर गोधडी असं गुंडाळू नका. अति उष्णता आणि तोंडावर सरकलेलं पांघरूण यांचा झोपेतल्या अचानक मृत्यूंशी संबंध आढळला आहे.

कानटोपीची खरी वेळ सकाळच्या शाळेची, स्कूटरवर पुढं उभं राहून जायची. पण तिथं टोपीऐवजी मुलाच्या मापाचं हेल्मेट घाला. चार वर्षांवरच्या मुलांना ते कायद्यानंच सक्तीचं आहे आणि कानही त्यात झाकले जातात.

बाकीचे समज थोडक्यात. केळं-दह्यानं सर्दी होत नाही. हिरवा शेंबूड म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. बाळाला ब्रँडीचा थेंब कधीच नको, आणि एक वर्षाच्या आत मधाचं बोटही नको. कापराची पुरचुंडी झबल्याला बांधू नका, कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येऊ शकतात. आंघोळीनंतरची धुरी तर बंदच करा, त्या धुराचा त्रास बाळाच्या फुप्फुसांना होतो. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही, त्यासाठी सूर्य वर यावा लागतो.

थंडीत काळजी करण्यासारखं आपल्याकडे काही असेल, तर ती हवा आहे. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर-धूळ वर जाऊ शकत नाही, खालीच साचते. एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांना तो वास सांगायला नको. दम्याच्या मुलाला सहाच्या धुरक्यात धावायला नेण्यापेक्षा नऊ-दहा वाजता न्या किंवा दुपार उतरल्यावर चार-साडेचारला. त्या वेळी टोपीही लागत नाही.