ऑइल इंजिनचा पिस्टन व कनेक्टिंग रॉड : झीज कशी ओळखावी

विहिरीवरील ऑइल इंजिन निळसर धूर सोडू लागले, वंगणतेल अधिक खाऊ लागले आणि हँडल मारताना दाब जाणवेनासा झाला, की पुष्कळदा नव्या रिंगा बसवून काम भागवले जाते. इंजिन काही दिवस बरे चालते व ऐन रब्बीत, गहू-कांदा पाण्यावर आला असता, पुन्हा अडते. लायनर झिजलेला असताना नुसत्या रिंगा बदलणे हा पैशाचा अपव्यय होय. यास्तव हंगामापूर्वीच इंजिन खोलून झीज पाहून घेणे इष्ट.

लायनरची परीक्षा एक नवी रिंग व फीलर गेज एवढ्या साहित्यावर होते. लायनरमधील काजळी काढून तो स्वच्छ पुसावा. त्यात रिंग घालून उलट्या पिस्टनने ढकलावी, म्हणजे ती तिरकी राहत नाही. प्रथम लायनरच्या तळाशी, जेथवर पिस्टनच्या रिंगा पोचत नाहीत तेथे, रिंगेच्या दोन टोकांमधील फट मोजावी. नंतर पहिली रिंग वर जाऊन जेथून मागे फिरते तेथे मोजावी. त्या जागी उष्णता व दाब अधिक आणि तेल कमी, म्हणून झीज सर्वाधिक असते. दोन मापांतील फरकास ३.१४ ने भागले असता व्यास किती वाढला ते कळते. समजा, ८० मिलिमीटर व्यासाच्या लायनरमध्ये खाली फट ०.३० व वर ०.९३ मिलिमीटर भरली. फरक ०.६३, म्हणजे लायनर सुमारे ०.२० मिलिमीटर झिजला. हा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावा.

पिस्टनच्या अंगावर असंख्य बारीक उभे चरे दिसल्यास आत धूळ गेली आहे असे समजावे. मळणीच्या खळ्याजवळ चाललेल्या इंजिनात हे हमखास आढळते. तेथे हवेचा फिल्टर आधी दुरुस्त करावा, नाहीतर नवा पिस्टनही त्याच गतीला जाईल. घासल्याची खूण पिनेच्या एका अंगास वर व दुसऱ्या अंगास खाली अशी तिरपी असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकल्याचा संशय घ्यावा व तो तपासून घ्यावा.

रॉडच्या मोठ्या टोकाकडील बेअरिंगचा करडा थर जाऊन तांबूस धातू दिसू लागला असल्यास ते बदलावे. तत्पूर्वी क्रँकपिन मायक्रोमीटरने काटकोनात दोनदा मोजावी. ती लंबवर्तुळाकार झाली असेल तर नवे बेअरिंग टिकणार नाही. ढिलाई काढण्यासाठी रॉडची टोपी कानशीने घासण्याची रीत काही मिस्त्री अद्याप पाळतात. तिने भोक वाकडे होऊन रॉड कायमचा बिघडतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत बंद पाडण्याचा आग्रह धरावा.

रॉडचे बोल्ट मात्र स्वस्त म्हणून दुर्लक्षिले जातात. आटे ताणलेला वा मान बारीक झालेला बोल्ट पुन्हा वापरू नये. चालत्या इंजिनात तो तुटला तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येतो, आणि मग बोल्टाच्या किमतीवर प्रकरण भागत नाही. बसवताना रॉड व टोपी यांवरील खुणा एकाच बाजूस जुळवाव्यात व बोल्ट आलटून-पालटून, पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकेच आवळावेत.