एआर-१५वर बंदी घातली की अमेरिकेतला हिंसाचार थांबेल?

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्याकडेही एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्या एआर-१५वर बंदी घाला म्हणावं, प्रश्नच मिटेल." टीव्हीवरच्या चर्चेत येतं, मुलगा न्यू जर्सीत असलेल्या आईवडिलांच्या बोलण्यातही येतं. त्यामागची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. आणि वर्षानुवर्षं तो ऐकून आता चीड येते. एआर-१५ या एका निमस्वयंचलित रायफलीवर सगळे भांडत बसतात आणि ज्या उपायांनी माणसं वाचतात ते चर्चेत येतच नाहीत.

आकडे बघा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या नोंदींनुसार २०२३मध्ये बंदुकीच्या गोळीने ४६,७२८ माणसं मेली. त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या, तर १८ हजारांच्या आसपास खून. म्हणजे दर पाचांतले जवळपास तीन मृत्यू आत्महत्येचे. ते बातम्यांत दिसत नाहीत. आता खुनांकडे वळू. एफबीआयच्या २०२०च्या माहितीनुसार बंदुकीने झालेल्या खुनांपैकी ५९ टक्क्यांत पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होतं. रायफली होत्या ३ टक्क्यांत, आणि त्यांत साध्या शिकारीच्या रायफलीही आल्या. सुमारे एक तृतीयांश खुनांत शस्त्राचा प्रकार नोंदलेलाच नाही हे खरं, पण ते धरूनही चित्र उलटत नाही.

शिवाय एआर-१५सारख्या रायफलींवर अशी बंदी एकदा घालून झाली आहे! १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं ती लागू होती. लोकांकडे आधीपासून असलेली शस्त्रं आणि जास्त गोळ्या मावणारी मॅगझिनं तिच्यातून वगळली होती. गुन्हेशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कोपर यांनी सरकारसाठी तिचा अभ्यास केला. बंदी पुढे चालू ठेवली तरी एकूण हिंसाचारावरचा परिणाम फार तर लहान असेल, कदाचित मोजताही येणार नाही इतका, असं त्यांचं म्हणणं पडलं. दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर मर्यादा घालण्यात मात्र अर्थ आहे. सामूहिक गोळीबारात किती जीव जातात ते न थांबता किती गोळ्या झाडता येतात यावर बरंच अवलंबून असतं.

मग उपयोग कशाचा होतो? सर्वांत भक्कम पुरावा आहे खरेदीच्या परवान्याचा. आधी प्रत्यक्ष पोलिसांकडे जायचं, अर्ज करायचा, चौकशी होऊ द्यायची, मगच पिस्तूल विकत घ्यायचं. कनेटिकट राज्याने १९९५मध्ये अशी पद्धत आणली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांच्या अंदाजानुसार त्यानंतर तिथले बंदुकीचे खून बरेच घटले: आधीच्या अभ्यासात सुमारे ४० टक्के, नंतरच्या सुधारित अभ्यासात २८ टक्के. मिझुरीने २००७मध्ये हाच कायदा रद्द केला, तर तिथे खून वाढले. उलट दुकानात किंवा व्यवहाराच्या वेळी होणारी नुसती पार्श्वभूमी तपासणी पुरत नाही. कॅलिफोर्नियाने १९९१पासून खासगी विक्रीलाही ती सक्तीची केली, पण तेवढ्याने खून कमी झाल्याचं संशोधकांना आढळलं नाही.

"ज्याला मरायचंच आहे तो दुसरा मार्ग शोधणारच." हे वाक्य तर मला सर्वांत जास्त छळतं, कारण ते ऐकणारा हताश होऊन गप्प बसतो. आत्महत्येची तीव्र इच्छा बहुतेकदा थोडा वेळ टिकते आणि ओसरते. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहांतले नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. बंदूक हाताशी असली की ती वेळ टळून जाण्याची संधीच फारशी उरत नाही. इस्रायली लष्कराने २००६मध्ये सुट्टीला घरी जाणाऱ्या सैनिकांना शस्त्र छावणीतच ठेवायला लावलं. तरुण सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. आठवड्याच्या सुट्टीतल्या आत्महत्या कमी झाल्या आणि इतर दिवशीच्या वाढल्या नाहीत. अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने शेकडो अभ्यास तपासले. बंदूक मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवण्याची सक्ती करणारे कायदे लहानमोठ्या मुलांचे जीव वाचवतात, या निष्कर्षाला तिथे ठोस आधार मिळाला.

अशीच आणखी तीन नेहमीची वाक्यं. "सगळं मानसिक आजारामुळे होतं": नाही. गंभीर मानसिक आजार उद्या नाहीसे झाले तरी अमेरिकेतला सुमारे ९६ टक्के हिंसाचार तसाच राहील, असा वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ जेफ्री स्वॉन्सन यांचा अंदाज आहे.

"घरात बंदूक असली की घर सुरक्षित": पाहणीमागून पाहणी सांगते की तिथे खून आणि आत्महत्या दोन्हींचा धोका वाढतो.

"शिकागोत कायदे कडक, तरी माणसं मरतात": शहराच्याच २०१७च्या अहवालानुसार गुन्ह्यांच्या तपासात जप्त झालेल्या बंदुकांपैकी सुमारे ६० टक्के इलिनॉय राज्याबाहेरून आल्या होत्या, आणि सर्वांत जास्त लगतच्या इंडियानातून. तिथे खासगी विक्रेत्याकडून पिस्तूल घ्यायला ना परवाना लागतो ना तपासणी.